टाळी कुणासाठी?

टाळी वाजवायला काय लागतं? दोन हात! हे उत्तर कुणीही देईल. पण माझं मत जरा वेगळं आहे. टाळी वाजवायला शिकावं लागतं. बॅट कशी धरायची ते कोच सांगतो, बॉलिंग गल्लीत खेळून येते, पण टाळी कधी आणि कुणासाठी वाजवायची हे लहानपणी, शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाकडे बघूनच कळतं. आणि हे शिकायला क्रिकेटच्या स्टेडियमसारखी दुसरी शाळा नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम मशीन डिझाइन सोडून हे काय घेऊन बसल्या? ऐन सबमिशनच्या दिवसांत टाळ्यांवर लेख? पण मित्रांनो, होस्टेलच्या टीव्ही रूमचा आवाज आमच्या क्वार्टर्सपर्यंत येतो. आपल्या टीमने सिक्स मारली की होस्टेलचं छप्पर उडतं. आणि समोरच्या टीमने मारली की? शुकशुकाट! फार तर एखादी कचकचीत शिवी. स्कोअर न बघताही कोण खेळतंय ते मला घरात बसून सांगता येतं. हा लेख त्या शुकशुकाटाबद्दल आहे.

मी आयुष्यात पहिली मॅच पाहिली ती २९ फेब्रुवारी १९९६ ला, पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर. वर्ल्ड कपची मॅच, वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया. मी तिसरीत होते. बाबा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. त्या दिवशी गुरुवार होता, आणि आमच्याकडे कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्यामुळे बाबांना रजा टाकावी लागली नाही. मला मात्र शाळा बुडवावी लागणार होती. "तिच्या शाळेचं काय?" आईने विचारलं. "ही पण शाळाच आहे," बाबा म्हणाले. शेजारच्या काकूंचं म्हणणं होतं, मुलगा असता तर ठीक, पोरीला कशाला एवढ्या उन्हात नेता? बाबांनी उत्तर दिलं नाही. माझ्या डोक्याला रुमाल बांधला आणि निघाले.

आम्ही बसने स्वारगेटला उतरलो आणि चालत स्टेडियम गाठलं. सोबत पोळी-भाजीचा डबा, भुईमुगाच्या शेंगा आणि पाण्याची बाटली. सिमेंटच्या पायऱ्यांवर बसायचं, वर आभाळ! मी बाबांना पहिला प्रश्न विचारला, "बाबा, आपण कुणाच्या बाजूने?" भारत तर खेळतच नव्हता, मग ओरडायचं कुणासाठी? बाबा म्हणाले, "जो चांगला खेळेल त्याच्या." हे काही माझ्या पचनी पडेना. मॅच म्हणजे कुणीतरी आपलं पाहिजे ना!

खरं तर सगळं पब्लिक आलं होतं लाराला बघायला. दोनच वर्षांपूर्वी, १९९४ मध्ये, ब्रायन लाराने टेस्टमध्ये ३७५ आणि इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमध्ये नाबाद ५०१ असे दोन विक्रम केले होते. समोर केनिया, ज्यांचा हा पहिलाच वर्ल्ड कप. बहुतेक खेळाडू हौशी, नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे. वेस्ट इंडीजने पहिले दोन वर्ल्ड कप, १९७५ आणि १९७९ चे, जिंकलेले. निकाल सगळ्यांना आधीच माहीत होता. प्रश्न एवढाच, की लारा किती मारणार!

केनियाची बॅटिंग आधी झाली. अँब्रोज आणि वॉल्शसमोर बिचारे कसेबसे टिकत होते. मला तर कंटाळा आला. चौकार नाहीत, सिक्सर नाहीत, बघायचं काय? पण बाबा मधेच एखाद्या बॉलला "वा!" म्हणायचे. मी बघायची, तर रन शून्य! "अगं, त्याने तो बॉल सोडला बघ. हात शिवशिवत असताना सोडला. सोपं नाही ते." दिवसभर मायक्रोमीटर घेऊन जॉब मोजणाऱ्या माणसाची नजर ती. केनियाच्या १६६ रन झाल्या. त्यातल्या ३७ एक्स्ट्रा, म्हणजे वाइड, नो-बॉल वगैरे! सगळ्यात जास्त रन काढणारा बॅट्समन टिकोलो, त्याच्या २९. आमच्या पुढच्या पायरीवर एक आजोबा ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले होते. ते म्हणाले, "केनियाकडून उत्तम खेळले ते मिस्टर एक्स्ट्रा." अस्सल पुणेरी!

लंचला डबा उघडला तेव्हा बाबांनी मला एक गोष्ट सांगितली. डिसेंबर १९४८ मध्ये याच पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध रणजी मॅच खेळत होते. नाबाद ४४३ पर्यंत पोचले. तेव्हाचा जागतिक विक्रम होता ब्रॅडमनचा, ४५२ चा. अजून दहा रन काढल्या असत्या तर विक्रम पुण्याच्या नावावर! पण काठियावाडच्या कप्तानाने पुढे खेळायलाच नकार दिला, मॅच सोडून दिली. निंबाळकर ४४३ वरच राहिले. "मग?" मी विचारलं. "मग काय, समोरच्याचं मोठेपण बघवलं नाही की असं होतं," बाबा म्हणाले आणि मला लोणच्याची फोड वाढली.

लंचनंतर जे झालं ते क्रिकेटच्या इतिहासात आहे. कप्तान रिचर्डसन ५ वर बोल्ड. लारा आला. सगळं स्टेडियम सरसावून बसलं. आणि रजब अलीच्या बॉलिंगवर लाराची बारीक कड लागली, विकेटकीपर तारिक इक्बालने कॅच घेतला. लारा आउट, फक्त ८! क्षणभर कुणाला काय करावं तेच कळेना. मला तर रडूच यायला लागलं. ज्याच्यासाठी आलो तोच गेला! मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ते कपाळावर हात मारतील. ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. "बाबा, पण आपले तिकिटाचे पैसे?" "अगं, वसूल झाले! लाराची विकेट काढली त्याने, लाराची!"

पुढच्या पायरीवरचे आजोबाही टाळ्या वाजवत होते. मग बघता बघता सगळा स्टँड. आमच्या आसपासचं कुणीही उठून घरी गेलं नाही. उलट दर ओव्हरला आवाज वाढत गेला. केनियाचा कप्तान मॉरिस ओडुंबे स्वतः ऑफ-स्पिन टाकायला आला, १० ओव्हरमध्ये १५ रन देऊन ३ विकेट घेऊन गेला. वेस्ट इंडीजच्या फक्त दोघांना दोन आकडी धावा करता आल्या, चंद्रपॉल १९ आणि हार्पर १७. ३५.२ ओव्हरमध्ये ९३ ऑल आउट! केनिया ७३ रननी जिंकली. ज्या देशाचं नाव मी त्या सकाळपर्यंत ऐकलं नव्हतं, त्या देशासाठी माझे तळहात लाल झाले होते. आणि एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आहे. हरलेले वेस्ट इंडीजचे खेळाडू पॅव्हिलियनकडे निघाले, तेव्हा बाबांनी त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. "हरल्यावर मान वर करून चालणं अवघड असतं," एवढंच म्हणाले.

तेरा दिवसांनी, १३ मार्चला, आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. कोलकात्याला भारत-श्रीलंका सेमीफायनल. श्रीलंकेच्या २५१, भारत १२० ला ८. पब्लिकने बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ केली. मॅच रेफरी क्लाइव्ह लॉइडने श्रीलंकेला विजयी घोषित केलं. आमच्या चाळीत सगळे अझरुद्दीनच्या नावाने खडे फोडत होते, टॉस जिंकून फील्डिंग का घेतली म्हणून. बाबांचं म्हणणं वेगळंच. "लंकेवाले किती छान खेळले, ते कुणीच बोलत नाही." चाळीतल्या कुणालाही ते आवडलं नाही, हे वेगळं सांगायला नको!

इथे एक आक्षेप येणार, मला माहीत आहे. "मॅडम, पुण्याच्या मॅचमध्ये भारत नव्हता. तिथे दोन्हीकडे टाळ्या वाजवणं सोपं आहे. इंडिया हरत असताना वाजवून दाखवा!" आक्षेप रास्त आहे. पण म्हणूनच तर मी म्हणते, की मुलांची पहिली मॅच अशी असावी जिथे आपलं कुणी नाही. एफ.ई.ला आपण आधी सोपी गणितं सोडवतो, मग अवघड. तसंच हे. आणि अवघड गणित कुणी सोडवलंच नाही असंही नाही. ३१ जानेवारी १९९९, चेन्नई. पाकिस्तानविरुद्ध टेस्ट. २७१ हवे होते, सचिनने पाठदुखी सहन करत १३६ केले, तो आउट झाला आणि भारत २५८ वर संपला. १२ रननी हार! याहून वाईट काय असू शकतं? आणि चेपॉकचं पब्लिक उभं राहिलं. पाकिस्तानच्या टीमने मैदानाला फेरी मारली आणि हजारो भारतीयांनी टाळ्या वाजवल्या. कुणाची देशभक्ती त्या दिवशी कमी झाली, असं मला तरी वाटत नाही.

आपल्या मुंबईचंही उदाहरण आहे. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर न्यूझीलंडच्या एजाज पटेलने भारताच्या एका इनिंगमधल्या दहाच्या दहा विकेट घेतल्या, ११९ रन देऊन. जिम लेकर (१९५६) आणि अनिल कुंबळे (१९९९) नंतर टेस्टमध्ये असं करणारा तो तिसराच. जन्म मुंबईचा, आठ वर्षांचा असताना आई-वडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. वानखेडेने त्याला टाळ्या दिल्या, भारतीय खेळाडूंनीही दिल्या. आणि भारताने ती टेस्ट ३७२ रननी जिंकली सुद्धा! टाळी वाजवल्याने काही आपली मॅच जात नाही.

आता दुसरी बाजू बघा. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबादची वर्ल्ड कप फायनल. आदल्या दिवशी पॅट कमिन्स म्हणाला होता, की एवढं मोठं पब्लिक शांत झालेलं ऐकण्यात जे समाधान आहे ते दुसऱ्या कशात नाही. आणि आपण त्याला ते समाधान अगदी घरपोच दिलं! ट्रॅव्हिस हेडने १३७ केल्या, स्टेडियम गप्प. वाईट वाटणं समजू शकते, मलाही वाटलं. पण वर्ल्ड कप फायनलमधलं एक जबरदस्त शतक समोर होत असताना एवढ्या लोकांना ते दिसलंच नाही, याला काय म्हणायचं? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत विराट कोहली बऱ्याच वर्षांनी रणजी खेळायला उतरला. पब्लिक लोटलं. हिमांशू सांगवानने ६ वर त्याचा स्टंप उडवला आणि स्टँड रिकामे व्हायला लागले. नेहरू स्टेडियमवर लारा ८ वर गेला तेव्हा खरी मॅच सुरू झाली होती. दिल्लीत ती संपली!

बरं, प्रेम तरी पक्कं आहे का? २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर मुंबईच्याच पब्लिकने मुंबईच्याच कप्तानाची, हार्दिक पंड्याची, हुर्यो उडवली. त्याच वर्षी ४ जुलैला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकून टीम परतली, तर त्याच वानखेडेवर त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष! जी टाळी फक्त निकालाला चिकटलेली असते ती अशीच वाऱ्यावर फिरते.

हे असं का झालं? मला एक कारण दिसतं. मॅच बघण्याची जागा बदलली. नेहरू स्टेडियम शहराच्या मधोमध होतं, बसने जाता यायचं. २०१२ पासून गहुंजेचं स्टेडियम आहे, एक्स्प्रेसवेच्या कडेला. सुंदर आहे, पण स्वतःची गाडी नसलेल्या माणसाने लहान पोराला घेऊन तिथे जायचं आणि रात्री परत यायचं म्हणजे दिव्यच! मग मॅच बघायची मोबाइलवर, एकट्याने, कानात हेडफोन घालून. तिथे समोरच्याच्या चांगल्या शॉटला टाळी वाजवली काय आणि न वाजवली काय, बघतंय कोण? शेजारी बाबा नसतात, पुढच्या पायरीवर आजोबा नसतात. वर्कशॉपमधलं गेज सुद्धा मास्टरशी ताडून बघावं लागतं, नाहीतर माप चुकत जातं आणि आपल्याला कळतही नाही. माणसाच्या आवडीनिवडीचंही तसंच आहे. कुणाशी तरी ताडून बघायला लागतं.

आणि आता घरची गोष्ट. गेल्या वर्षीच्या आपल्या इंटर-ब्रँच फायनलला एका मुलाने फिफ्टी मारली. ब्रँच सांगत नाही, कारण वाद पुन्हा सुरू होईल! त्याचे वडील गावाहून आले होते. पोराला खेळताना बघायला पहिल्यांदाच कॉलेजात पाऊल ठेवलेलं. स्वच्छ धुतलेला पांढरा शर्ट, हातात पिशवी, बाउंड्रीबाहेर लिंबाच्या सावलीत उभे. फिफ्टी झाली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. नेमके ते उभे होते समोरच्या ब्रँचच्या घोळक्यात. घोळक्याने हुर्यो सुरू केली, पोराच्या नावाने, मग गावाच्या नावाने. त्या माणसाचे हात हळूहळू थांबले. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि इकडेतिकडे बघितलं, आपलं काही चुकलं का म्हणून. आम्ही तीन-चार स्टाफ मेंबर वाजवत राहिलो, पण दोनशे पोरांच्या आवाजात ते कुठे ऐकू जाणार!

मला माहीत आहे, ओरडणाऱ्यांपैकी एकही पोरगा वाईट नाही. रात्री बारा वाजता अनोळखी ज्युनियरला रक्त द्यायला हीच पोरं ससूनला धावतात. हूटिंग ही मजा आहे, टीम स्पिरिट आहे, सगळं मान्य. पंचाला चष्मा द्या म्हणा, कॅच सोडणाऱ्याच्या हाताला लोणी लावलंय म्हणा, पुणेरी टोमणे मारा, माझं काही म्हणणं नाही. खेळात तेवढं तिखट-मीठ हवंच. पण एका बापाने आपल्या पोराच्या फिफ्टीला टाळी वाजवताना आजूबाजूला बघावं लागणं, ही मजा नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. आपल्याला चांगले खेळाडू घडवायचे असतील तर आधी चांगले प्रेक्षक घडवायला हवेत, आणि प्रेक्षक घडतो तो कुणाचं तरी बोट धरून. रणजी मॅचला बहुतेक ठिकाणी तिकीट लागत नाही. स्टँड रिकामे असतात, बॉल बॅटवर बसल्याचा आवाज सुद्धा ऐकू येतो. सुट्टीत घरी गेलात की धाकट्या भावाला, बहिणीला, भाचीला घेऊन जा. (भाचीला आवर्जून!) वडिलांना घेऊन जा. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या वडिलांनी आयुष्यभर मॅच टीव्हीवर नाहीतर पानाच्या टपरीवर उभं राहून बघितली आहे. डबा बांधून घ्या. स्कोअर मोबाइलवर बघू नका, शेजारच्याला विचारा.

आणि यंदाच्या इंटर-ब्रँच फायनलला जिमखान्याने पालकांसाठी बाउंड्रीलगत एक मांडव घालावा, पन्नास खुर्च्या ठेवाव्यात, आणि तो मांडव कुठल्याही ब्रँचचा नसावा, अशी सूचना मी लेखी दिली आहे. खुर्च्या लावायला व्हॉलंटिअर लागतील. मेकॅनिकलची नावं आली आहेत. बाकीच्या ब्रँचची वाट बघते आहे!